प्लेगच्या औषधाची गोष्ट

बहिणाबाई चौधरींची कविता शिकवताना त्यांच्या माहेराचं, असोद्याचं नाव वर्गात येतंच. जळगावजवळच्या या गावात १८८० साली त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला आल्या आणि १९५१ साली जळगावातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या चरित्रात एक छोटी नोंद आहे, तिच्याकडे विज्ञानाच्या शिक्षकांनीही लक्ष द्यावं अशी ती आहे. जळगावात पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्लेगच्या साथीत बहिणाबाईंच्या ओंकार या मुलाला कायमचं अपंगत्व आलं.

बहिणाबाईंचा जन्म झाला तेव्हा प्लेग कशामुळे होतो हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. त्या गेल्या तेव्हा प्लेगच्या रोग्याला खात्रीनं बरं करू शकणारी दोन-तीन औषधं उपलब्ध झालेली होती. म्हणजे एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात हा बदल घडला. हा बदल कसा झाला, ही औषधं शरीरात नेमकं काय करतात आणि ती आपल्या हातात टिकून राहायची असतील तर ती कशी वापरायला हवीत, हे या लेखात पाहू. प्लेगचं उदाहरण घेण्याचं कारण असं की खानदेशानं या गोष्टीचे दोन्ही भाग पाहिले आहेत. औषध नव्हतं तो काळ पाहिला, आणि औषधासाठी दुकानांत झुंबड उडाली तो काळही पाहिला.

औषध नव्हतं तेव्हा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले गेले. ते ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. प्लेगचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षं, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. त्यांच्याच नावावरून आज त्याला यर्सिनिया पेस्टिस म्हणतात. हा जिवाणू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत माणसात येतो हे मात्र १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगानंतर पुढे आलं, आणि सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं जावी लागली.

मुंबईहून साथ रेल्वेनं देशभर पसरली. धान्याच्या पोत्यांबरोबर आणि कापसाच्या गाठींबरोबर उंदीर आणि पिसवा प्रवास करत. कापसाचा व्यापार आणि भुसावळचं जंक्शन असलेला खानदेश यातून सुटणं शक्य नव्हतं. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायला जात. कारण माहीत नसतानाही अनुभवातून आलेलं हे शहाणपण होतं, आणि ते बरोबरच होतं.

रोग झाल्यावर मात्र काही करता येत नव्हतं. काखेत किंवा जांघेत आलेली गाठ शेकायची किंवा चिरायची, ताप उतरवायचा प्रयत्न करायचा आणि वाट पाहायची. उपचार न मिळाल्यास गाठीच्या प्लेगचे शंभरातले तीस ते साठ रोगी दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये तर बहुधा कुणीच वाचत नाही. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुल्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण लस रोग टाळण्यासाठी असते, झालेला रोग ती बरा करत नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगनं एक कोटीहून अधिक माणसं नेली.

जंतू मरावा, माणूस वाचावा

जंतू मारणं ही तशी अवघड गोष्ट नाही. उकळतं पाणी किंवा फिनेल जंतू मारतंच. पण ते रोग्याच्या पोटात घालता येत नाही. खरा प्रश्न असा आहे की माणसाच्या पेशींच्या गर्दीत बसलेला जंतू मरावा आणि माणसाच्या पेशीला धक्का लागू नये. त्यासाठी जंतूत असेल आणि माणसात नसेल असं काहीतरी शोधून त्यावरच घाव घालायला हवा.

या दिशेनं पद्धतशीर शोध सुरू केला तो जर्मनीतल्या पॉल एर्लिख यांनी. त्यांच्या प्रयोगशाळेत शेकडो रसायनं एकेक करून तपासली गेली. ६०६ क्रमांकाचं रसायन गरमीच्या रोगावर चालतं असं १९०९ साली हाता या जपानी सहकाऱ्याला आढळलं. त्यानंतर पुढचं मोठं पाऊल पडायला पंचवीस वर्षं लागली. १९३५ साली गेर्हार्ट डोमाक यांनी प्रोंटोसिल या लाल रंगद्रव्याचा गुण जाहीर केला आणि त्यातून सल्फा औषधांचं कुटुंब जन्माला आलं.

सल्फा औषध कसं काम करतं ते वर्गात सांगण्यासारखं आहे. जिवाणूला फॉलिक आम्ल लागतं आणि ते तो स्वतः बनवतो. त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाच्या रेणूसारखाच सल्फाचा रेणू दिसतो. जिवाणूचं विकर फसतं, खऱ्याऐवजी खोटा रेणू पकडून बसतं आणि काम अडतं. आपल्यालाही फॉलिक आम्ल लागतं, पण आपण ते बनवत नाही, पालेभाज्या आणि डाळींतून खातो. त्यामुळे आपलं काही अडत नाही. जंतू आणि माणूस यांच्यातल्या एवढ्याशा फरकावर हे औषध उभं आहे.

सल्फा औषधांची प्लेगवरची परीक्षा मुंबईतच झाली. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळला होती, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. १९३२ ते १९४९ या काळात तिचे संचालक होते साहिबसिंग सोखी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेत सल्फा गटातली नवी रसायनं तयार केली गेली, प्लेग झालेल्या प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर ती तपासली गेली. पी. एम. वागळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या या कामातून दिसलं की सल्फाथायाझोलसारख्या औषधांनी गाठीच्या प्लेगमधले मृत्यू स्पष्टपणे कमी होतात. ज्या रोगापुढे वैद्य पन्नास वर्षं हात टेकून होते, त्यावर पहिल्यांदाच चालणारं औषध मिळालं.

लवकरच त्याहून चांगली औषधं आली. अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. १९४८ साली टेट्रासायक्लीन गटातलं पहिलं औषध जाहीर झालं, तेही मातीतल्या सूक्ष्मजीवापासूनच मिळालेलं. एका सूक्ष्मजीवानं तयार केलेलं आणि दुसऱ्याला मारणारं किंवा त्याची वाढ थांबवणारं द्रव्य म्हणजे प्रतिजैविक. त्या अर्थानं सल्फा हे प्रतिजैविक नाही, ते कारखान्यात बनलेलं रसायन आहे. पण वापराचे नियम दोघांना सारखेच लागू असल्यानं व्यवहारात आपण त्यांना एकाच नावानं ओळखतो.

स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन ही दोन्ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर जाऊन बसतात. आपल्या पेशींतही रायबोसोम असतात, पण त्यांची घडण वेगळी असते, म्हणून आपण वाचतो. पेनिसिलीनचा मार्ग आणखी निराळा आहे. जिवाणूभोवती एक भिंत असते, ती बांधण्याचं काम ते थांबवतं. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते. मात्र प्लेगच्या जिवाणूवर साधं पेनिसिलीन चालत नाही. त्याच्या भिंतीबाहेर आणखी एक पापुद्रा असतो आणि पेनिसिलीन त्यातून सहज आत जात नाही.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘भारी औषध’ आणि ‘हलकं औषध’ असं आपण बोलतो, पण औषधाची ताकद अशी सुटी मोजता येत नाही. घशाच्या जिवाणूवर उत्तम चालणारं पेनिसिलीन प्लेगवर निकामी ठरतं. सर्दी, फ्ल्यू, गोवर हे तर विषाणूंचे रोग. विषाणूला भिंत नसते आणि स्वतःचे रायबोसोमही नसतात. मग घाव घालायचा कशावर? म्हणून सर्दीवर कितीही महागडं प्रतिजैविक घेतलं तरी सर्दी आपल्या वेळेनंच बरी होते.

किती आणि केव्हा

योग्य औषध निवडलं तरी काम संपत नाही. ते जंतूपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचलं पाहिजे आणि पुरेसा वेळ तिथं राहिलं पाहिजे.

पेनिसिलीन मिळालेल्या पहिल्या रोग्यांपैकी एक होते ऑक्सफर्डचे पोलीस अल्बर्ट अलेक्झांडर. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांना औषध सुरू झालं आणि काही दिवसांत जखमा सुधारू लागल्या. पण पेनिसिलीन मूत्रावाटे झपाट्यानं बाहेर पडतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतं. जगातला सगळा साठा एका खोलीत मावेल एवढा असताना हे परवडणारं नव्हतं. डॉक्टरांनी रोग्याच्या लघवीतून औषध परत गोळा करून पुन्हा टोचलं. तरीही साठा संपला, रोग उलटला आणि १५ मार्चला अलेक्झांडर वारले. औषध योग्य होतं, पण पुरलं नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट केळीच्या बागेवरून सहज समजेल. ठिबकचा उद्देश काय असतो? मुळांशी ओल कायम राहावी, ती एका पातळीखाली जाऊ नये आणि पाणी साचूही नये. आठवड्याचं पाणी एकदम सोडून दिलं तर केळी पोसत नाही. रक्तातल्या औषधाचंही असंच आहे. एक खालची पातळी असते, तिच्याखाली जंतू वाढू लागतो. एक वरची पातळी असते, तिच्यापलीकडे औषध माणसालाच बाधू लागतं. दिवसातून किती वेळा गोळी घ्यायची हे या दोन पातळ्या आणि औषध किती वेगानं शरीराबाहेर जातं यांवर ठरतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला टेट्रासायक्लीनला आठ-एक तास लागतात, म्हणून ते दिवसातून चार वेळा देतात. त्याच गटातल्या डॉक्सिसायक्लीनला अठरा-एक तास लागतात, म्हणून ते एकदा किंवा दोनदा पुरतं. सगळ्याच औषधांचा हिशेब इतका सरळ नसतो. काही औषधांत एकदाच उंच पातळी गाठणं जास्त उपयोगी पडतं. पण डोसामागे हिशेब असतो, तो अंदाजानं लिहिलेला नसतो, हे मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.

वहीत करण्यासारखं एक गणित देतो. एका काल्पनिक औषधाचा प्रत्येक डोस रक्तात ६४ एककं भर घालतो आणि दर आठ तासांनी प्रमाण निम्मं होतं. जंतूला रोखायला किमान ३० एककं लागतात. दर आठ तासांनी डोस घेतला तर पुढच्या डोसाआधी प्रमाण ३२, मग ४८, मग ५६ असं चढत जातं आणि खालची पातळी कधीच मोडत नाही. दिवसातून एकच डोस घेतला तर चोवीस तासांनी उरतात ८ एककं. म्हणजे दिवसाचा बराचसा भाग जंतू मोकळा असतो. आलेख काढला तर चित्र आणखी स्पष्ट होईल.

पिंपरीचा कारखाना आणि फ्लेमिंगचा इशारा

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही औषधं परदेशातून येत आणि महाग असत. देशानं स्वतः प्रतिजैविकं बनवावीत असा आग्रह सोखी यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी धरला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. १९६० च्या दशकात तिथं स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागलं. पुढे खाजगी कारखानेही निघाले आणि एके काळी लघवीतून परत मिळवावं लागणारं औषध तालुक्याच्या दुकानात काही रुपयांना मिळू लागलं. यानं वाचलेल्या जिवांची गणती नाही.

पण औषध स्वस्त आणि मुबलक झालं की काय होईल याची जाणीव पेनिसिलीनच्या शोधकालाच होती. १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो दुकानातून पेनिसिलीन आणून घेतो, पण जंतू मरण्याइतकं घेत नाही, फक्त त्यांना सवय लागण्याइतकं घेतो. ते जंतू मग त्याच्या बायकोला जडतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन देऊनही उपयोग होत नाही आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी विचारला होता. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, ही प्रतिजैविकांची खास गोष्ट आहे. रक्तदाबाची गोळी मी चुकीची घेतली तर त्रास मला होतो. प्रतिजैविक चुकीचं घेतलं तर ते शेजाऱ्यासाठीही निकामी होऊ शकतं.

सप्टेंबर १९९४

१९६६ नंतर भारतात प्लेगचे रुग्ण नोंदले गेले नव्हते. लोक आणि डॉक्टरही प्लेग विसरून गेले होते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगनं माणसं दगावू लागली, आणि काही दिवसांत काही लाख लोक शहर सोडून निघाले. सुरतेच्या यंत्रमागांवर आणि गिरण्यांत खानदेशातली असंख्य कुटुंबं काम करतात. त्यांचा गावाकडचा रस्ता म्हणजे ताप्ती खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळकडे येणारी रेल्वे. एके काळी प्लेग आणणारी रेल्वेच पुन्हा भीती घेऊन आली.

या वेळी मात्र औषध होतं. टेट्रासायक्लीनचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं आणि सुरतेपासून शेकडो मैल दूर असलेल्या दिल्ली-मुंबईच्या दुकानांतूनही ते दिसेनासं झालं. अनेकांनी घरात साठा करून ठेवला. कुणी एक-दोन कॅप्सूल घेतल्या, कुणी मुलांना दिल्या, कुणी नुसताच ताप आला म्हणून घेतल्या.

यातलं काय बरोबर होतं आणि काय नव्हतं ते वेगळं करून पाहू. प्लेगच्या रोग्याच्या निकट सहवासात आलेल्या माणसाला हे औषध सात दिवस देणं शास्त्राला धरून आहे. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या चोवीस तासांत औषध सुरू झालं तर रोगी वाचतो, म्हणून रुग्णालयात ते हाताशी असणं फार महत्त्वाचं. ज्याचा रोग्याशी संबंध आला नाही त्यानं दोन कॅप्सूल घेऊन काहीच साधत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लीन दिलं तर दातांवर कायमचे डाग पडू शकतात. दुधाबरोबर घेतलं तर दुधातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं आणि ते नीट शोषलं जात नाही. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लीननं मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणं १९६० च्या दशकातच नोंदली गेली होती, म्हणजे पुढच्या साथीसाठी कपाटात जपलेल्या साठ्यालाही अर्थ नव्हता. शिवाय एका घरात साठवलेली पाकिटं दुसरीकडच्या खऱ्या रोग्याला कमी पडतात, ती वेगळीच.

ही साथ पन्नासहून अधिक मृत्यूंवर थांबली. ती प्लेगचीच होती का याबद्दल पुष्कळ वाद झाला. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ती प्लेगची असल्याचा निष्कर्ष काढला आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासण्यांनी त्याला दुजोरा दिला. त्या जिवाणूंवर नेहमीची औषधं चालत होती, हे आपलं नशीब.

मादागास्करचा इशारा

नशीब म्हणायचं कारण पुढच्याच वर्षी मिळालं. १९९५ साली मादागास्कर बेटावर अंबालाव्हाओ भागातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाला गाठीचा प्लेग झाला. त्याच्या गाठीतले जिवाणू तपासले तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा, म्हणजे प्लेगवरची जवळजवळ सगळी नेहमीची औषधं त्यांच्यावर निकामी असल्याचं दिसलं. मुलगा सुदैवानं बरा झाला. १९९७ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरचे तज्ज्ञ हादरले.

एवढ्या औषधांचा प्रतिरोध एकदम कुठून आला? जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी कडी असू शकते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. ही कडी एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. त्या मुलाच्या जंतूत सगळे प्रतिरोध अशा एकाच कडीवर होते. २००२ साली प्रयोगात असं दिसलं की पिसवेच्या पोटात आतड्यातला साधा जिवाणू आणि प्लेगचा जिवाणू एकत्र आले की ही देवाणघेवाण सहज होते. २००७ साली आढळलं की जवळजवळ तशीच कडी खाद्यपदार्थांतून पसरणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंमध्येही आहे. म्हणजे प्लेगचं औषध निकामी व्हायला प्लेगवरच ते चुकीचं वापरायला हवं असं नाही. सर्दीला, जुलाबाला किंवा कोंबड्यांना वाढीसाठी दिलेल्या औषधानं दुसऱ्याच जिवाणूत प्रतिरोध वाढतो आणि तो फिरत फिरत कुठंही जाऊ शकतो. असे प्लेगचे वाण आजवर फार क्वचित सापडले आहेत. इतर जिवाणूंबाबत मात्र तसं म्हणता येत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

गडचिरोलीचा धडा

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की प्रतिजैविकं मोठ्या डॉक्टरांच्या कुलपातच ठेवावीत. तेही बरोबर नाही. आपल्याकडे आजही औषध वेळेवर न मिळाल्यानं मुलं दगावतात.

या दोन टोकांमधला रस्ता महाराष्ट्रातच दाखवला गेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं १९८८ साली लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना सल्फा गटातलं को-ट्रायमॉक्साझोल देण्याचं शिक्षण दिलं. पण त्याआधी कुणाला द्यायचं नाही हे शिकवलं. खोकला सगळ्याच मुलांना होतो. न्यूमोनिया झालेलं मूल भराभर श्वास घेतं. म्हणून एक मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्याचे पन्नास किंवा अधिक भरले तर औषध द्यायचं, नाहीतर नाही. ज्या सुइणींना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायचं साधं उपकरण बनवलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत हे काम झालं तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

जबाबदारीनं औषध देणं म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. रोग कोणता, औषध कोणतं, किती, किती दिवस, आणि कुणाला नाही, एवढ्या प्रश्नांची उत्तरं आधी ठरलेली असली की निरक्षर सुईणही ते नीट करू शकते. ती ठरलेली नसली तर शिकलेलेही चुकतात. २०२०-२१ च्या कोविड साथीत ॲझिथ्रोमायसिन देशभर सर्रास दिलं गेलं. कोविड विषाणूनं होतो, आणि २०२१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत त्या औषधाचा कोविडवर काही फायदा दिसला नाही.

आपल्याकडे कायदा आहे. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या एच-१ या यादीतल्या औषधांची तर विक्रीची नोंद दुकानदारानं तीन वर्षं ठेवायची असते. पाकिटावरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका असं सांगते. २०१९ साली कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतलं औषध कोंबड्या-जनावरांना देण्यावर बंदी आली. पण घेणाऱ्याला कारण कळल्याशिवाय नुसत्या कायद्यानं फरक पडत नाही, आणि कारण सांगण्याची जागा शाळा आहे.

‘कोर्स पूर्ण करा’ या सूचनेबद्दल एक खुलासा. क्षयरोगासारख्या आजारात हे अक्षरशः पाळायचं असतं. बऱ्याच साध्या संसर्गांत मात्र पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार पुरतात असं गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे, कारण उगाच जास्त दिवस औषध घेतल्यानंही प्रतिरोधाला वाव मिळतो. किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवावं. आपण मध्येच थांबवू नये, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नयेत.

वर्गात करून पाहा

एका वाटीत ज्वारीचे ४० दाणे आणि हरभऱ्याचे २ दाणे घ्या. ज्वारी म्हणजे औषधाला दाद देणारे जिवाणू, हरभरा म्हणजे न देणारे. ‘औषध’ दिलं की ज्वारीचे चारांतले तीन दाणे काढायचे, हरभऱ्याला हात लावायचा नाही. मग उरलेला प्रत्येक दाणा दुप्पट करायचा. पहिल्या फेरीनंतर ज्वारी २०, हरभरे ४. दुसरीनंतर १० आणि ८. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीनंतर काय होतं ते मुलांना करू द्या. नंतर तोच खेळ औषधाशिवाय, नुसतं दुप्पट करत खेळा. आता हरभऱ्याचं प्रमाण बदलतं का ते विचारा. औषध हरभरा तयार करत नाही, आधीच असलेल्या हरभऱ्याला जागा मोकळी करून देतं, हे मुलं स्वतःच सांगतील. खऱ्या शरीरात उरलेले जंतू आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतात, म्हणूनच बहुतेक वेळा आपण बरे होतो, हेही त्यांना सांगा.

दुसरं काम घरचं. घरात पडून असलेल्या औषधांच्या पाकिटांची मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहणी करायची. लाल रेघ किती पाकिटांवर आहे, मुदत कधीची आहे, किती गोळ्या उरल्या आहेत, त्या कोणत्या आजारासाठी आणल्या होत्या आणि चिठ्ठी होती का, एवढं वहीत लिहून आणायचं. गोळी उघडायची किंवा चाखायची नाही. आजारी माणसाचं नाव लिहायचं नाही. वर्गाचा एकत्र तक्ता फळ्यावर मांडला की आपल्या गावात ही औषधं कशी वापरली जातात याचं चित्र दिसेल. तो तक्ता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवून त्यांना वर्गात बोलवा, आणि मुलांचे प्रश्न मुलांनाच विचारू द्या.